प्रवेश मिळाला, पण आईने दिवसभर वर्गाबाहेर थांबायचे: याला समावेशक शिक्षण म्हणायचे का?

अक्षरधागा

माझी भाची आठ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हाताची पकड सैल असल्यामुळे तिला लिहायला वेळ लागतो आणि तिचे बोलणे संथ व थोडे अडखळत असते, पण समज तिच्या वयाच्या कोणत्याही मुलीइतकीच आहे, गणितात तर दोन पावले पुढेच. दोन वर्षे शाळांचे उंबरे झिजवल्यानंतर घराजवळच्या एका नेहमीच्या शाळेने तिला तिसरीत प्रवेश देऊ केला आहे. मात्र त्यासोबत एक हमीपत्र आले आहे आणि त्यात तीन अटी आहेत. शाळेच्या पूर्ण वेळेत आईने किंवा घरच्या कोणीतरी वर्गाबाहेर थांबावे. मुलीला सहलीला व मैदानावर पाठवू नये. आणि इतर मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो आहे असे शाळेला वाटल्यास प्रवेश केव्हाही रद्द करता येईल.

बहीण सही करायला तयार आहे. 'आत तर जाऊ दे, पुढचे पुढे पाहू,' असे ती म्हणते. मला ते पटत नाही, पण तिला अडवण्याचे धाडसही होत नाही, कारण नोकरी सोडून वर्गाबाहेर बसणार आहे ती, मी नाही. म्हणून इथे विचारतो. मुलाला शाळेत बसायला जागा मिळाली की त्याचा शिक्षणाचा हक्क पूर्ण होतो का? होत नसेल, तर या कागदाचे काय करावे?

पायरी_नको

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या शाळेवरून देतो. मला तिथे जागा होती. मी लहानपणापासून व्हीलचेअर वापरतो. वर्ग वरच्या मजल्यावर असला की चार मित्र मला खुर्चीसकट उचलून नेत, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. पण स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या होत्या. दर वेळी चौघांना हाक मारायचा संकोच वाटे, म्हणून घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी पाणीच पीत नसे. सातवीत लघवीच्या जागी संसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी पाणी का पीत नाहीस असे विचारले आणि मी मान खाली घालून बसलो. हजेरीपटावर मात्र माझी हजेरी वर्षानुवर्षे चोख होती.

कायदेवाचक

तिसरी अट सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. त्याचे २४ वे कलम शिक्षणाचे आहे. दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणालाही सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेबाहेर ठेवता येणार नाही, मूल ज्या वस्तीत राहते तिथेच इतरांच्या बरोबरीने त्याला दर्जेदार शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून दिल्या पाहिजेत, असे हे कलम सांगते. अशी वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे, हे कराराच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येतच नमूद आहे. 'शाळेला वाटल्यास प्रवेश रद्द' या वाक्यात कोणत्या सोयी आधी करून पाहिल्या, निर्णय कोण घेणार, पालकांचे म्हणणे कोण ऐकणार, यांपैकी काहीच नाही. प्रवेश देतानाच बाहेरचा दरवाजा उघडा ठेवलेला आहे.

याच कराराखालील समितीने २०१६ साली २४ व्या कलमावर सविस्तर भाष्य केले आणि त्यात चार स्थितींमध्ये फरक केला: मुलाला वगळणे, वेगळे काढणे, आहे त्या व्यवस्थेत जसेच्या तसे बसवणे आणि खरा समावेश. तिसऱ्या आणि चौथ्या स्थितीतला फरक आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. तिसरीत मुलाने शाळेला जुळवून घ्यायचे असते; चौथीत शाळा आपली इमारत, अभ्यासक्रम, शिकवण्याची रीत आणि परीक्षा बदलते. तुमच्या भाचीला देऊ केलेला प्रवेश तिसऱ्या स्थितीतला आहे, आणि त्यातही जुळवून घेण्याचा सगळा भार आईवर टाकलेला आहे.

वर्गशिक्षिका

कायद्याशी माझा वाद नाही, पण वर्गाच्या आतली बाजूही मांडू द्या.

माझ्या वर्गात एके वर्षी ५२ मुले होती आणि त्यांत एक स्वमग्न मुलगा होता. त्याच्याविषयी मला एक ओळही लेखी मिळाली नव्हती. दिवसातून तीन-चार वेळा तो अचानक कान झाकून बाकाखाली जाई आणि तिथून निघायला तयार नसे. मुले गलका करीत, माझा तास मोडे. मी त्याला समजावले, एकदोनदा रागावलेही. सहामाही उलटल्यावर एक दिवस मी सहज त्याच्या बाकावर वह्या तपासत बसले असताना तासाची घंटा झाली आणि मी स्वतः दचकून उठले. घंटा नेमकी त्या बाकाच्या वर, दाराच्या चौकटीला लावलेली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा बाक खिडकीशी नेला आणि घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याला बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. आठवड्याभरात बाकाखाली जाणे जवळजवळ थांबले. त्या सहा महिन्यांची खंत मला आजही आहे.

हे सांगण्याचा हेतू असा, की मला कोणी पहिल्याच आठवड्यात ती घंटा दाखवली असती, तर मुलाचे आणि माझे दोघांचे अर्धे वर्ष वाचले असते. सोयींना नेहमी पैसा लागतो असे नाही, पण जाणकार डोळे लागतात. ते डोळे न देता शिक्षकांकडून समावेशाची अपेक्षा केली, की शाळा घाबरतात आणि असली हमीपत्रे तयार होतात. ते हमीपत्र चुकीचेच आहे. त्यामागच्या भीतीचीही दखल घ्या, एवढेच माझे म्हणणे.

आई_दोघांची

मी वेगळ्या मताची आहे आणि ते स्पष्टपणे लिहिते. माझ्या थोरल्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. तो तीन वर्षे नेहमीच्या शाळेत होता. त्या तीन वर्षांत त्याने शेवटच्या बाकावर बसून चित्रे रंगवली. कोणी त्याला त्रास दिला नाही, पण कोणी त्याला काही विचारलेही नाही. विशेष शाळेत घातल्यावर तो सहा महिन्यांत घड्याळ पाहायला, बूट बांधायला आणि स्वतःचे नाव लिहायला शिकला. समावेश हे सुंदर तत्त्व आहे. परंतु तत्त्वासाठी मी माझ्या मुलाची आणखी तीन वर्षे देऊ शकत नव्हते. विशेष शाळा निवडणाऱ्या आईवडिलांकडे जणू त्यांनी मुलाला दूर लोटले अशा नजरेने पाहिले जाते, त्याचा त्रास होतो.

पायरी_नको

आई_दोघांची, तुमच्याकडे कोणीही तसे पाहू नये. पण तुमच्या अनुभवाचा अर्थ मला उलटा लागतो. त्या शाळेत समावेश झालाच नव्हता. मुलाला बूट बांधायला शिकवणारा शिक्षक त्या शाळेत का नव्हता, हा प्रश्न तिथल्या व्यवस्थापनाला विचारायला हवा होता. तुम्ही जे केलेत ते नाइलाजाने केलेत, आणि नाइलाजाला निवड म्हणता येत नाही.

आई_दोघांची

हे मान्य आहे. पण प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत मूल मोठे होते.

हातांची_भाषा

मी जन्मापासून बहिरी आहे. या विषयावर बोलताना सगळ्या अपंगत्वांना एकाच मापाने मोजले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझ्या शाळेत बाई फार प्रेमळ होत्या. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवले आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलायची काळजी घेतली. तरीही 'माळ', 'बाळ' आणि 'पाळ' हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. मी दिवसभर अंदाज बांधत असे, आणि अंदाज बरोबर आला की सगळ्यांना वाटे हिला ऐकू येते. बाई फळ्याकडे वळल्या की तेवढा धडा माझ्यासाठी नाहीसा होई. मी पास होत गेले, कारण घरी पुस्तक पाठ करत होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ साली असाच प्रश्न आला होता. रौली खटला म्हणून तो ओळखला जातो. ओठ वाचण्यात तरबेज असलेल्या एका बहिऱ्या मुलीच्या पालकांनी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषा मागितला होता. मुलगी सहज वरच्या वर्गात जाते आहे, तेव्हा तिला पुरेसे शिक्षण मिळते आहे, असे म्हणून न्यायालयाने दुभाषा नाकारला. पास होणे म्हणजे समजणे नव्हे, हे माझ्यासारखीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पुढे २०१७ साली त्याच न्यायालयाने एका स्वमग्न मुलाच्या प्रकरणात एकमताने सांगितले, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी. मधली पस्तीस वर्षे किती मुलांचे शालेय आयुष्य गेले असेल!

आता मुद्दा. १८८० साली इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे ऐकू येणाऱ्या शिक्षकांच्या बहुमताने बोलण्याची पद्धत श्रेष्ठ ठरवून सांकेतिक भाषा वर्गातून हद्दपार करण्याचा ठराव झाला. पिढ्यानपिढ्या मुलांचे हात बांधले गेले. व्हँकुव्हरच्या परिषदेत ते ठराव नाकारायला २०१० साल उजाडले. म्हणून 'सगळ्यांना एकाच वर्गात बसवा' हे वाक्य ऐकले की आम्ही सावध होतो. वर्गात चाळीस मुले आणि सांकेतिक भाषा येणारे कोणीही नाही, ही माझ्यासाठी एकांताची शिक्षा आहे. कराराच्या २४ व्या कलमातही सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि बधिर समाजाच्या भाषिक ओळखीला प्रोत्साहन, हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहे. जिथे सांकेतिक भाषा ही वर्गाची भाषा आहे अशी शाळा माझ्या मते समावेशकच आहे.

नदीकाठ

तत्त्व मान्य केले तरी पैसा कुठून येणार? उतार, दुभाषे, ब्रेल पुस्तके, विशेष शिक्षक. ज्या शाळेत मुळात छप्पर गळते तिथे हे सगळे कसे होणार? मी विरोधासाठी विचारत नाही. गावातल्या शाळेच्या समितीवर काम केले आहे आणि दर वर्षी खर्चाची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येत.

कायदेवाचक

प्रश्न रास्त आहे आणि न्यायालयांसमोर तो फार पूर्वी आला आहे. १९७२ साली वॉशिंग्टनमधील मिल्स खटल्यात शाळाव्यवस्थेने हेच सांगितले होते, की अपंग मुलांना शिकवायला पैसे नाहीत. न्यायालयाने पैसे अपुरे असतील हे अमान्य केले नाही. त्याने एवढेच म्हटले, की जे आहेत ते असे वाटा की एकही मूल पूर्णपणे बाहेर राहणार नाही. टंचाईचा भार अपंग मुलांवर इतरांपेक्षा अधिक पडता कामा नये. छप्पर गळत असेल तर ते सगळ्यांवर गळू दे, त्याखालून फक्त एका मुलाला उठवून बाहेर उभे करू नका, असा त्याचा अर्थ मी घेतो. १९७५ साली अमेरिकेत सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा झाला, त्यामागे या आणि १९७१-७२ च्या पेन्सिल्व्हेनियातील निकालांची मोठी प्रेरणा होती.

शिवाय करार दोन गोष्टी वेगळ्या करतो. संपूर्ण व्यवस्था बदलायला टप्प्याटप्प्याने वेळ घेता येतो. पण समोर आलेल्या एका मुलासाठीची वाजवी सोय लगेच द्यायची असते. ती नाकारायची तर तिचा भार अवाजवी आहे हे शाळेने दाखवून द्यावे लागते, नुसते 'परवडत नाही' म्हणून भागत नाही.

आई_दोघांची यांच्या प्रतिसादाविषयीही लिहायचे राहिले. २०१६ च्या त्या भाष्यात म्हटले आहे, की समावेशक शिक्षण हा शिकणाऱ्या मुलाचा हक्क आहे, तो पालकांचा हक्क नव्हे; पालकांच्या जबाबदाऱ्या मुलाच्या हक्काच्या अधीन आहेत. हे वाचायला कठोर वाटते. माझ्या मते त्यात पालकांवर ठपका नाही, उलट ओझे हलके करणे आहे, कारण हक्क मुलाचा ठरला की तो मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य होते, एकट्या आईचे राहत नाही.

ठिपके_सहा

मी अंध आहे आणि गणित शिकवते.

ब्रेल पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोकदार टोचणीने, लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते, कारण टोचलेला ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो आणि कागद उलटवल्यावर तो डावीकडून उजवीकडे वाचता येतो. म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे टोचायचे. हे मी सहा वर्षांची असताना एका विशेष शाळेत शिकले, आणि ते तिथे शिकले म्हणूनच पाचवीत नेहमीच्या शाळेत टिकले. माझ्यापुरते तरी दोन्ही शाळा एकमेकींच्या शत्रू नव्हत्या.

नेहमीच्या शाळेत गणिताचे सर फळ्यावर त्रिकोण काढून 'हा कोन आणि तो कोन' असे म्हणत. 'हा' म्हणजे कोणता, हे मला कसे कळावे? मी एकदा धीर करून विचारले. त्यांनी क्षणभर थांबून शिरोबिंदूंची नावे घ्यायला सुरुवात केली: कोन कखग, कोन खगक. त्या दिवसापासून मागच्या बाकांवरच्या, फळा नीट न दिसणाऱ्या मुलांनाही भूमिती समजू लागली, असे ती मुलेच सांगत. माझ्या शेजारणीने पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून मला त्रिकोण करून दिला. तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे.

पुस्तकांचे मात्र कोणी ऐकले नाही. ब्रेल पुस्तके दर वर्षी सहामाहीनंतर येत. तोवर मी ऐकून शिकायचे आणि लेखनिकाला तोंडी सांगायचे.

एक प्रश्न अक्षरधागा यांना. हमीपत्र शाळेने लिहिले, सहीचा विचार तुमची बहीण करते आहे, सल्ला आम्ही देतो आहोत. मुलीला कोणी विचारले आहे का?

तिसरा_बाक

मी अपंग नाही, पण माझ्या बाकावर पाच वर्षे सेरेब्रल पाल्सी असलेला मित्र होता. इतर मुलांचे नुकसान होते हा मुद्दा अजून कोणी थेट काढला नाही, पण हमीपत्रात तो आहे, म्हणून लिहितो. त्याच्यासाठी प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापून येई आणि आम्ही सगळे तीच वापरू लागलो. त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला आम्ही शिकलो. आमचे काय नुकसान झाले ते मला शोधूनही सापडत नाही.

वर्गशिक्षिका

पहिल्या अटीविषयी मला आणखी सांगायचे आहे. आई दाराबाहेर बसली की शिक्षक नकळत मुलाची सगळी जबाबदारी तिच्याकडे ढकलतो. मूल अडखळले की नजर दाराकडे जाते. मूलही मित्रांना न विचारता आईकडे पाहते. मी हे माझ्याच शाळेत पाहिले आहे.

इटलीने हा पेच लवकर ओळखला. तिथे १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्याने नेहमीच्या वर्गांत अपंग मुलांना घेण्याची पद्धत रुजवली, ज्या वर्गात असे मूल आहे त्याची पटसंख्या २० पर्यंत मर्यादित केली आणि साहाय्यक शिक्षकांची तरतूद केली. पुढे १९९२ च्या कायद्याने स्पष्ट केले, की हा साहाय्यक शिक्षक इतर शिक्षकांबरोबर संपूर्ण वर्गाची जबाबदारी घेतो. तो एका मुलाला चिकटलेला मदतनीस नाही. माझ्या ५२ मुलांच्या वर्गातून मी या तरतुदीकडे पाहते तेव्हा माझी नजर आधी २० या आकड्यावरच खिळते, हे खरे. पण साहाय्यक वर्गाचा असावा हा विचार कमी साधनांतही घेता येईल.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही समावेशक शिक्षणाच्या व्याख्येचे दोन भाग आहेत: मुलांनी एकत्र शिकणे, आणि शिकण्या-शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांनुसार बदललेली असणे. बहुतेक शाळा पहिला भाग वाचून थांबतात.

नदीकाठ

कायदेवाचक आणि वर्गशिक्षिका यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. पैशाची अडचण खरीच आहे, पण समितीवर असताना आम्ही ती मुलाला 'नाही' म्हणण्याचे कारण म्हणून वापरली, हे आज मान्य करतो. एका मुलीच्या वडिलांना मी स्वतः सांगितले होते, की पुढच्या वर्षी या. ते पुढच्या वर्षी आले नाहीत.

कायदेवाचक

अक्षरधागा, आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दाद कोणाकडे मागायची हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते, पण पहिली पायरी सगळीकडे सारखीच असते. थेट नकार देण्याऐवजी शाळेला लेखी उत्तर द्या. प्रवेश स्वीकारत आहोत असे आधी लिहा, म्हणजे जागा हातची जाणार नाही. मग मुलीला कोणत्या सोयी लागतात ते नेमके लिहा: किती जादा वेळ, कोणत्या विषयात तोंडी परीक्षा, बाकाची उंची किती, स्वच्छतागृहात मदत लागते की नाही. शेवटी प्रत्येक अटीचे कारण लेखी मागा. तोंडी बोलण्याचा माग राहत नाही.

अक्षरधागा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

कायदेवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र दिले. शाळेने तिसरी अट लेखी मागे घेतली. पहिल्या अटीऐवजी पहिला महिना बहिणीने रोज एक तास शिक्षकांना माहिती देण्यासाठी यायचे, आणि तेही वर्गाबाहेर न बसता शिक्षक-कक्षात, असे ठरले. वर्गशिक्षिका यांचा घंटेचा प्रतिसाद मी छापून त्या शाळेतल्या बाईंना दिला. त्यांनी तो वाचून भाचीला कोणत्या आवाजांचा, कोणत्या उजेडाचा त्रास होतो असे आपणहून विचारले.

ठिपके_सहा, तुमचा प्रश्न वाचून मी खजील झालो, कारण तिला खरोखरच कोणी विचारले नव्हते. सोयींची यादी आम्ही तयारही केली होती: जादा वेळ, जाड पेन्सिल, हातांची खुर्ची. विचारल्यावर तिने बराच वेळ घेतला आणि मग म्हणाली, 'मी उत्तर देत असताना बाईंनी दुसऱ्याला विचारायचे नाही.' ते आता यादीत पहिले आहे, तिच्याच शब्दांत.

सहलीची आणि मैदानाची अट अजून कागदावर आहे. येत्या गुरुवारी मुख्याध्यापकांची भेट ठरली आहे आणि या वेळी भाचीलाही बरोबर नेणार आहोत. मैदानावरच्या खेळांत अशा मुलांना कसे घेतात याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल, तर गुरुवारच्या आधी जरूर लिहावे.